648 वर अडलेला डिजिटल रेडिओ : आत्याला दिलेल्या भेटीचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने पुन्हा एकदा ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा मारून रेडिओ माझ्या हातात ठेवला, तेव्हाच ठरवलं की आता हे सविस्तर लिहायचं. कंपनीचं नाव देत नाही. तसाही हाच डबा, हीच बटणं आणि हाच पडदा बाजारात तीन-चार नावांनी मिळतो, त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे ते कळलेलं बरं. एफएम, मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, आकड्यांचा पडदा, टाइप-सी चार्जिंग, हे वर्णन सगळ्यांनी वाचलेलं असतंच. किंमत साडेतीन हजारांच्या आतबाहेर.

घेतला तो आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी. आत्या इंदूरला रामबागेत राहते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, आणि काचबिंदूमुळे टीव्ही तिला नुसता उजेडासारखा दिसतो. घरातले सगळे म्हणाले, कारवां (आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा संच) दे, हजारो गाणी आहेत, डोक्याला ताप नाही. गाणी चांगलीच आहेत, पण आत्याला गाण्यांइतकाच बोलणारा माणूस लागतो. आत्ता वाजले किती, पाऊस कुठे पडला, मंडीत सोयाबीनचा भाव काय. शेती विकून कित्येक वर्षं झाली तरी भाव ती लक्ष देऊन ऐकते. इंदूरचं आकाशवाणी केंद्र 1955 साली सुरू झालं तेव्हा ती शाळेत होती. मालवा हाउसमधून, म्हणजे त्याच केंद्रातून, माळवीत गप्पा मारणारे नंदाजी-भेराजी तिला अजून आवाजानिशी आठवतात. मराठी घरात वाढूनही आपल्याला माळवी बोलता येते ती त्या दोघांमुळे, असं ती सांगते. मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे आणि ते चांगलं आहे, पण गुळगुळीत काचेवर नेमकं कुठे बोट ठेवायचं हे तिला दिसत नाही. तिला बोटाला लागणारं बटण हवं. म्हणून रेडिओच.

महाराणी रोडवर प्रत्येक दुकानात एकच शब्द ऐकला, ‘डिजिटल है साहब’. भेट घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं, कारण या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एक आहे डीएबी, म्हणजे डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग. युरोपात तो चालतो; नॉर्वेने तर 2017 साली देशव्यापी केंद्रं एफएमवरून काढून डीएबीवर नेली. माझा चुलतभाऊ इंग्लंडमधून तसाच एक सुंदर लाकडी संच पाठवणार होता, मी नको म्हटलं. भारतात डीएबीचं प्रसारणच नाही, आणि त्या संचांत बहुतेक वेळा मीडियम वेव्ह नसतेच. इथे आणल्यावर उरतो तो फक्त महागडा एफएम. दुसरा डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ माँडियाल. आकाशवाणीने मीडियम वेव्हसाठी हा स्वीकारला आहे, बऱ्याच नव्या गाड्यांच्या रेडिओत तो असतोही, पण घरात ठेवायचा सुटा संच दुकानात सहसा दिसत नाही आणि दिसला तर खिशाला जड जातो. तिसरा प्रकार आपल्या बजेटमधला. प्रसारण नेहमीचंच, जुनंच. फक्त जुन्या डायलच्या सुई आणि दोऱ्याऐवजी चिप स्टेशन धरते आणि पडद्यावर आकडा दिसतो. आम्हाला मिळाला तो हा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लावलेलं स्टेशन जागचं हलत नाही हा मोठाच फायदा आहे.

एफएमबद्दल फार लिहीत नाही. 101.6 वर विविध भारती स्वच्छ लागते, स्पीकर त्याच्या आकाराच्या मानाने भरदार आहे, सकाळी भूले बिसरे गीत आणि रात्री छायागीत ती उशाशी ठेवून ऐकते. एफएमपुरतं पाच पैकी पाच.

पण आत्याचं पहिलं स्टेशन मीडियम वेव्हवरचं 648 किलोहर्ट्झ, म्हणजे इंदूर केंद्र. आणि तिथेच घोडं अडलं. भेट दिल्यावर चार दिवसांत फोन आला, “अरे, वाजतोय, पण फाटका वाजतोय.” जाऊन ऐकलं. पडद्यावर 650. निवेदिकेचा आवाज येत होता, पण प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ला किसणी लावल्यासारखा. एक घर मागे गेलं की 640, पुढे गेलं की 660. मधे काही नाहीच.

दुकानदार म्हणाला, टॉवर लांब आहे. सर्व्हिस सेंटर म्हणालं, “आपके एरिया में सिग्नल वीक है.” हे ऐकून मला खरंच राग आला. इंदूर केंद्राचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर 200 किलोवॅटचा आहे. त्याच शहरात, त्याच केंद्राचा सिग्नल कमी पडतो हे कुणी कसं मान्य करावं? आत्याचा जुना टू-बँड, ज्याचा आवाजाचा नॉब फिरवला की खरखरतो आणि ज्याच्या सेलच्या डब्याला रबर लावलेलं आहे, तो शेजारी ठेवून लावला. 648 खणखणीत.

मग त्या पडद्याकडे नीट बघत बसलो. नॉब फिरवत गेलो : 530, 540, 550, 560. शेवटचा आकडा कायम शून्य. तिथे उलगडा झाला. मीडियम वेव्हवरची स्टेशनं कुठेही मांडलेली नसतात, ठरावीक अंतराने असतात. अमेरिकेत हे अंतर 10 किलोहर्ट्झ. युरोप, आफ्रिका, आशिया आणि आपल्याकडे 9 किलोहर्ट्झ; 1975 च्या जिनिव्हा करारात ते ठरलं आणि 1978 पासून अमलात आलं. म्हणून भारतातल्या प्रत्येक मीडियम वेव्ह केंद्राच्या आकड्याला 9 ने पूर्ण भाग जातो. 648 म्हणजे 9 गुणिले 72. मुंबई 558, नागपूर 585, पुणे 792, कुठलंही घ्या. आमच्या रेडिओत अमेरिकेचं मोजमाप भरलेलं होतं, त्यामुळे 648 वर थांबण्याची सोयच त्याला नव्हती. 650 वर उभा राहून तो दोन किलोहर्ट्झ बाजूचं स्टेशन कसंबसं ओढत होता. भारतात, भारतीय वॉरंटी कार्डासह विकलेल्या मालाची ही गत.

सोय मात्र आतच आहे. रेडिओ बंद असताना एक विशिष्ट बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की 10 चं 9 होतं. पुस्तिकेत याचा एका ओळीत उल्लेख आहे, तोही मुंगीच्या अक्षरात. कोणत्या बटणाने होतं ते प्रत्येक नावाच्या संचात वेगळं असतं, म्हणून इथे सांगून उपयोग नाही. ते बटण दाबलं, 531, 540, 549 असे आकडे धावू लागले, 648 वर थांबलो. आत्याने बटाटे सोलता सोलता हात थांबवला आणि म्हणाली, “हां, आता ही बाई माणसासारखी बोलतेय.”

तोवर या रेडिओला मी दोन तारे देणार होतो. त्या संध्याकाळी चार केले.

आणि रात्री तर मी स्वतःच तिथे बसून राहिलो. दिवसा मध्यम लहरी वर गेल्या की वातावरणातला एक थर त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग याच लहरी अजून वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. आत्याचं सासर मूळचं नागपूरचं. नागपूर इथून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. 585 लावलं आणि रात्री मराठी बातम्यांचा आवाज खोलीत आला, मधूनच बुडत, मधूनच वर येत. अमेरिकी मोजमापात हेच स्टेशन 580 आणि 590 च्या बरोबर मधे पडलं असतं, दोन्हीकडून पाच लांब, म्हणजे सापडलंच नसतं. मुंबईचं 558 त्याहून अस्पष्ट, पण लागलं.

मीडियम वेव्हसाठी वरची ती लांब काडी ओढून काहीही उपयोग नाही हे दुकानदारांनाही सांगावं लागतं. ती एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आत आडवी ठेवलेली फेराइटची कांडी, आणि ती आपल्या लांब अंगाने स्टेशन धरते, टोकांनी नाही. म्हणून काडी नव्हे, अख्खा रेडिओच फिरवायचा. आत्याच्या खोलीत रेडिओचं तोंड पूर्वेला केलं की नागपूर वर येतं. चौथाई फिरवलं की जवळजवळ नाहीसं होतं. फडताळात त्याची जागा खडूने आखून ठेवली आहे, पुसायला घेतला तरी परत तसाच ठेवतात.

खरखर होती तीही रेडिओची नव्हती. देवघरातली एलईडीची माळ लावली की 585 वर घुर्रर्र सुरू. माळ बंद, आवाज बंद. खोलीतला स्वस्त एलईडी बल्बही बदलला, चांगल्या कंपनीचा लावला, फरक लगेच कळला. चार्जिंगला लावून मीडियम वेव्ह ऐकू नये, चार्जरचीच घरघर येते. चार्जिंगची एक गंमत वाटावी अशी अडचणही आहे : दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने हा चार्जच होत नाही. स्वस्त संचांत त्यासाठी लागणारे दोन बारके रेझिस्टर घातलेले नसतात. जुन्या चौकोनी तोंडाची केबल आणि जुना चार्जर लावला की निमूट होतो. आत्याच्या सुनेने नव्या चार्जरला लावून ‘बिघडला’ म्हणून ठेवून दिला होता.

आता मुख्य तक्रारीकडे. माझा एक तारा जातो तो इथे, आणि कुणी कितीही समजावलं तरी मी तो परत देणार नाही.

उन्हाळ्यात बॅटरी फुगली. बॅटरी साधी बीएल-5सी, जुन्या नोकिया फोनची. जेल रोडला कुठेही मिळते, हे मी गुणातच धरतो. वॉरंटीत होती म्हणून सर्व्हिस सेंटरला दिली. त्यांनी नवी घातली, रेडिओ घरी आला, आणि आत्याचा फोन, “परत फाटका वाजतोय.” पडद्यावर 650. बॅटरी काढली, किंवा पार उतरली, की हा रेडिओ 9 विसरतो आणि 10 वर जातो. साठवलेली स्टेशनंही जातात, पण ती परत भरता येतात. ज्या बाईला पडदा दिसत नाही, तिने शेवटचा आकडा शून्य आहे का हे कसं ओळखायचं? दोन-चार रुपयांचा मेमरी भाग वाचवण्यासाठी कंपनीने म्हाताऱ्या माणसाच्या हातात असा रेडिओ दिला की तो कधीही मुकाट्याने तिचं स्टेशन वगळून पुढे जातो.

हे मी सर्व्हिस सेंटरला लेखी दिलं. त्यांनी दोन आठवडे ठेवून ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं आणि वर तपासणीचे 250 रुपये मागितले. बॅटरी वॉरंटीत, तक्रार त्याच दुरुस्तीतून निघालेली, मग तपासणीचे पैसे कसले? काउंटरवरचा मुलगा म्हणत राहिला, “सर, ये फीचर है.” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तिथूनच तक्रार नोंदवली, नंबर त्याच्यासमोर कागदावर लिहिला. पैसे माफ झाले, शेरा मात्र तोच राहिला.

तोडगा घरीच काढला. माझ्या मुलीने त्या विशिष्ट बटणावर एक जाड टिकली चिकटवली. आत्याला शिकवलं : आवाज फाटला की रेडिओ बंद कर, टिकली दाबून धर, मनात पाच म्हण, सुरू कर. आता ती स्वतः करते. मला फोन येतो तो फक्त ‘आज मीच नीट केला’ हे सांगायला. ती खूश आहे, दिवसाचे दहा तास रेडिओ चालतो, एका चार्जिंगमध्ये मध्यम आवाजात दीड दिवस निघतो. पैसे वसूल, यात शंका नाही. पण टिकली लावायला घरात कुणी नसेल तिथे हा भेट देऊ नका.

ग्वाल्हेरची चुलतबहीण तिच्या बाबांसाठी असाच घ्यायचा म्हणते आहे. तिला फोनवर सांगितलं ते असं : दुकानातच मीडियम वेव्ह लावून नॉब फिरव. आकडे शून्यावर संपत असतील तर दुकानदाराकडून 9 करून घे आणि ग्वाल्हेरचं 1386 लावून दाखवायला सांग. मग बॅटरी काढ, परत घाल, पुन्हा नॉब फिरव. 1386 तिथेच सापडलं तर पैसे दे. 1390 दिसलं तर पुढच्या दुकानात जा.