कॅम्परमधले ढिले स्क्रू आणि खडखडणारी पॅनल : पावसाळाभर वापरून आलेला अनुभव

पावसाळ्याआधी आमच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परचं (आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीचं) आतलं काम उकलून परत बसवलं. मधल्या काळात गाडी इगतपुरी, भंडारदरा, सापुतारा, त्र्यंबक सगळीकडे फिरली, कसारा तर कितीदा उतरलो चढलो, त्यामुळे आता खात्रीने लिहितोय.

स्क्रू ढिला झाला की आपण तो आवळतो आणि चार दिवसांनी परत तेच, कारण दोष स्क्रूत नसतोच, ज्या लाकडात तो बसलाय तिथलं भोक हादऱ्यांनी मोठं झालेलं असतं. आटे धरणार कशाला? त्यात पार्टिकल बोर्ड असेल तर आतून भुसा पडतो, आणि इगतपुरीच्या पावसात दमट हवेने फुगतो ते वेगळंच. गाडी करून देणाऱ्यांनी आमच्यात सगळीकडे लाकडाचेच स्क्रू मारले होते, अगदी वरच्या कपाटाला पण!

आता जिथे वजन येतं, म्हणजे वरची कपाटं, टेबलाचा पाय, बेडची फ्रेम, तिथे आरपार बोल्ट, मागे मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सहज न फिरणारा नट). मागून हात जात नाही तिथे पत्र्यात रिव्हेट नट (एकाच बाजूने पत्र्यात दाबून बसवायचा, आतून आटे असलेला नट), एम६ ला म्हणजे ६ मिमीच्या बोल्टवाल्याला साधारण ९ मिमीचं भोक लागतं, पण ड्रिल लावायच्या आधी मागे वायर नाही ना ते बघाच आणि कापलेल्या कडेला प्रायमर मारा, नाहीतर गंज धरतो. सातपूर-अंबडला एमआयडीसी असल्याने नाशिकात या सामानाला अडचण नाही. या बोल्टांपैकी एकही अजून हललेला नाही, माझ्या मते पैसे घालायचे तर इथेच घाला.

निळं लॉकटाइट २४३, म्हणजे आट्यांवर लावायचं नट-बोल्ट ढिले होऊ न देणारं द्रव, त्याबद्दल सगळे विचारतात. मस्त आहे, पण धातूत धातू असेल तिथेच, हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की ते घट्ट होतं, पूर्ण पकडीला २४ तास द्या. लाकडाच्या स्क्रूला लावून काही होत नाही. आणि एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या पार्टजवळ नकोच, प्लॅस्टिक तडकू शकतं.

हलक्या पट्ट्यांना जुना उपाय पुरतो, भोकात फेविकॉल लावलेल्या काड्या ठोकायच्या, रात्रभर सुकू द्यायचं, वर आलेलं कापून बारीक भोक पाडून स्क्रू परत.

पॅनलचं मात्र उलटं आहे, ते फार आवळायचं नाही. उन्हात पॅनल पसरतं, म्हणून त्याचं भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवलं, वर वॉशर, आणि फ्रेमला टेकतं तिथे फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) पट्टी चिकटवली. सरकत्या दाराशेजारचं पॅनल आधी घाटात इतकं वाजायचं की मागे बसून बोलता यायचं नाही, आता गप्प आहे.

प्रत्येक नटावर आणि शेजारी पत्र्यावर मिळून पेंट मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की समजायचं नट फिरला. परवा बघितलं तर बाथरूमच्या दाराच्या बिजागरीची रेघ सरकलीये, तिथे अजून लाकडाचे स्क्रू आहेत, या रविवारी तिथेही बोल्ट टाकतोय.