पिस्तूलच ठेवायचं की एसबीआर (आखूड बॅरलची रायफल) करून घ्यायचं?

अमेरिकेत एआर पिस्तूल, म्हणजे एआर-१५ रायफलच्या धर्तीचं आखूड पिस्तूल, घेतलं की हा प्रश्न येतोच. पिस्तूलच ठेवलं तर एटीएफकडे (शस्त्रांवर देखरेख ठेवणारी फेडरल संस्था) वेगळं रजिस्ट्रेशन नाही, दुसऱ्या राज्यात नेताना त्यांची परवानगीही नको, फक्त तिथले कायदे बघायचे. पण खरा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) लावता येत नाही, ब्रेसवरच (हाताला आधार देणारा मागचा जोड) भागवायचं, आणि २०२३ च्या नियमाने ब्रेसवाली बरीच पिस्तुलं एसबीआर ठरवली होती, २०२४ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने तो नियम रद्द करेपर्यंत लोकांचा जीव टांगणीला.

एसबीआर म्हणजे १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलची रायफल. त्यासाठी फॉर्म १ (ती बनवण्यासाठी एटीएफकडे करायचा अर्ज), बोटांचे ठसे, फोटो, शिवाय रिसीव्हरवर (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर) आपलं नाव, शहर, राज्य कोरून घ्यायचं, आणि अक्षरं किमान ०.००३ इंच खोल हवीत, वरवर कोरून चालत नाही. १९३४ पासूनचा २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, त्यामुळे मला आता एसबीआरच बरं वाटतं. फक्त मंजुरी हातात येईपर्यंत स्टॉक लावायचा नाही म्हणजे नाही, तो सरळ फेडरल गुन्हा आहे. सारखं राज्याबाहेर जाणाऱ्यांनी मात्र पिस्तूलच ठेवावं, कारण एसबीआर नेताना आधी एटीएफची लेखी परवानगी लागते.