पोर्टलंडची एसडीसी माफी घेऊन बॅकयार्डात छोटं घर बांधलं, दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या मार्चमध्ये इथे पोर्टलंडला, म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, आमचं बॅकयार्डातलं घर पूर्ण झालं, त्याला आता दहा महिने होत आले. बांधकाम चालू होतं तेव्हा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातले आणि टेक्सासमधले मित्र सारखे विचारायचे, की तुमची सिटी, म्हणजे महापालिका, फी माफ करते म्हणे, मग नक्की किती सुटतं आणि अडकतं कुठे. तेव्हा मी अर्धवट उत्तरं दिली कारण मलाच पूर्ण कळलं नव्हतं. आता आईबाबा एक उन्हाळा राहून गेले, नंतर भाडेकरू येऊन गेली, प्रॉपर्टी टॅक्सचं बिलही आलं, म्हणून सगळं नीट लिहितो.

आधी माफी कसली ते. आम्ही बांधलं तेव्हा इथे नवीन घरावर सिटी एसडीसी नावाचा चार्ज लावायची, आपल्याकडच्या विकास शुल्कासारखा, रस्ते, पार्क, पाणी आणि ड्रेनेज अशा चार खात्यांचा वेगवेगळा. पण मुख्य घराच्या जोडीला छोटं घर बांधलं, ज्याला इथे एडीयू म्हणतात, तर त्यावरचा हा चार्ज 2010 पासून माफ आहे. आधी ती सवलत ठरावीक मुदतीची होती, मग मुदत वाढवत गेले आणि 2018 मध्ये कायमची केली पण एक अट घालून, ती पुढे सांगतो. माफी सुरू व्हायच्या आधी वर्षाला मोजकीच एडीयू व्हायची, नंतर शेकड्यांनी व्हायला लागली. यात झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येतं याचे नियम, सोपं झाल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय माफीला देता येणार नाही, पण माफी नसती तर आम्ही अजून दोन वर्षं तरी पुढे ढकललं असतं हे नक्की.

आमचं घर 560 स्क्वेअर फुटांचं, इथे मर्यादा 800 किंवा मुख्य घराच्या 75 टक्के, यातलं जे कमी असेल ते. एक बेडरूम, किचन, बाथरूम, आणि दारात एकही पायरी नाही, कारण बाबांचा गुडघा. एकूण खर्च दोन लाख दहा हजार डॉलर झाला. माफी मिळाली सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे आकडा लहान नाही पण एकूण खर्चात तो आठ टक्केसुद्धा नाही, आणि तो चेक म्हणून हातात येत नाही, फक्त बिलात लागत नाही. परमिटची फी, प्लॅन तपासायची फी हे सगळं भरावंच लागलं. वर कॉन्ट्रॅक्टरने पहिल्या एस्टिमेटमध्ये ड्रेनेजची लाइन मागून पुढपर्यंत खणायचा खर्च धरलाच नव्हता आणि पाण्याचा मीटरही मोठा बसवावा लागला, माफीतले निम्मे पैसे तिथेच गेले. कोणी बांधणार असेल तर ड्रेनेज आणि मीटर या दोन गोष्टी एस्टिमेटमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.

आता ती अट. माफी हवी असेल तर करारावर सही करायची आणि तो काउंटीत (इथल्या जिल्हा कचेरीत) नोंदवायचा, की दहा वर्षं तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणार नाही. मला वाटलं होतं हे फक्त मागच्या घराला लागू आहे. नाही, मुख्य घरालाही आहे, त्यातली एखादी खोलीसुद्धा एअरबीएनबीवर देता येत नाही. आणि घर विकलं तरी उरलेल्या वर्षांसाठी करार नव्या मालकाला लागू राहतो. आम्हाला थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचंच नव्हतं म्हणून चाललं. मला स्वतःला अट योग्य वाटते, लोकांना राहायला घरं मिळावीत म्हणून शुल्क सोडलंय, टुरिस्टांना रात्रीच्या हिशोबाने द्यायला नाही. फक्त सही करण्याआधी पूर्ण वाचा.

आमच्यासारख्यांना प्रश्न वेगळाच येतो. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतात, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, मग उरलेले सहा महिने घराचं काय करायचं? ते सप्टेंबरअखेर पुण्याला परत गेले आणि ऑक्टोबरपासून तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली एक नर्स राहिली. फर्निचरसकट दिलं. तीन महिने म्हणजे अटीत बसतं, आणि भाड्यातून लोनच्या हप्त्याचा बराच भाग निघाला.

प्रॉपर्टी टॅक्सबद्दल एक सांगतो, कारण आम्ही आधी खूश झालो आणि मग हिशोब कळला. बिल ऑक्टोबरात येतं, 15 नोव्हेंबरच्या आत पूर्ण भरलं तर तीन टक्के सूट असते. पण घराची किंमत 1 जानेवारीला जेवढं बांधून झालंय तेवढ्यावर धरतात. आमचं तेव्हा अर्धवट होतं म्हणून पहिलं बिल कमी आलं, पूर्ण वाढ या ऑक्टोबरात दिसेल. त्याचे पैसे आतापासून बाजूला ठेवतोय.

माझी खरी तक्रार या योजनेच्या आखणीवर आहे. आमच्या शेजारच्या आजींचा प्लॉट आमच्यापेक्षा मोठा आहे, त्या एकट्या राहतात, मागे छोटं घर बांधून स्वतः तिथे राहावं आणि मोठं घर भाड्याने द्यावं असं त्यांच्या फार मनात आहे. पण त्यांच्या पेन्शनवर बँक एवढं लोन देत नाही. त्यांना सोळा हजारांची माफी काय कामाची, उरलेले दोन लाख आणणार कुठून? आमच्या दोन नोकऱ्या होत्या, घरात इक्विटी होती (कर्ज वजा जाता घरातला आमचा वाटा), म्हणून आम्हाला माफी उपयोगी पडली. बॉस्टनमध्ये सिटी उत्पन्नाची अट घालून बिनव्याजी कर्ज देते, महिन्याला हप्ता नाही, घर विकलं किंवा दुसऱ्याच्या नावावर केलं की फेडायचं. कॅलिफोर्नियात राज्याने सुरुवातीच्या खर्चासाठी 40 हजारांपर्यंत अनुदान दिलं होतं, पण 2023 च्या फेरीतले पैसे बघताबघता संपले. पोर्टलंडने माफीच्या जोडीला बॉस्टनसारखं कर्ज दिलं तर आजींचं घर उभं राहील, आणि माझ्या मते पहिला हक्क त्यांचाच होता.

बाकी राहण्याचा अनुभव फार चांगला. आई सकाळी उठून स्वतःच्या किचनमध्ये चहा करते, तिचं रेडिओ, पूजा सगळं तिच्या वेळेने, कुणाची झोपमोड होईल ही धास्ती नाही. आधी आमच्याकडे आले की दोघं पाहुण्यासारखे सोफ्यावर बसून राहायचे. यावेळी बाबांनी मागच्या वाफ्यात मेथी लावली आणि जाताना मुलीला रोज पाणी घालायला सांगून गेले.

एप्रिलची तिकिटं काढलीत. त्याआधी बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचेत, बांधताना खर्च वाढला म्हणून तेवढं काम मागे ठेवलं होतं.