दहा मीटरचा फायबरग्लास खांब आणि लक्षद्वीपची तयारी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चार हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रांनी वर्गणी काढून दहा मीटरचा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फायबरग्लास खांब घेतला, तो लक्षद्वीपला जाऊन तिथून प्रक्षेपण करण्याच्या मोहिमेसाठी. राजकीय नकाशावर लक्षद्वीप आपलेच असले, तरी हौशी रेडिओत प्रमाण मानल्या जाणाऱ्या डीएक्ससीसी यादीतील 340 ‘देशांत’ भारत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप अशा तीन स्वतंत्र नोंदी आहेत. आणि बेटांवरून प्रक्षेपण क्वचितच होत असल्यामुळे ‘व्हीयू7’ने सुरू होणारे संकेतनाम ऐकू आले की जगभरची स्थानके त्यावर तुटून पडतात. एवढ्या गर्दीला पुरे पडेल असा, तरीही दोघांना उचलून नेता येईल असा अँटेना हवा होता.

पहिले दोन महिने मात्र पैसे वाया गेले असेच मला वाटत होते. पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर खांब उभा करून त्याला 20 मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी सुमारे 5 मीटर लांबीची उभी तार आणि तेवढ्याच लांबीचे दोन रेडियल (खाली पसरायच्या तारा) लावले, तेव्हा एलईडी दिवे, लिफ्ट आणि शेजारच्या सोलर इन्व्हर्टरचा रेडिओत येणारा गोंगाट एवढा होता की जुना आडवा डायपोलच (दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना) बरा म्हणायची वेळ आली. उभा अँटेना आसपासचा गोंगाट अधिक ओढून घेतो, हे पुस्तकात वाचलेले होते. कानाला ते तेव्हा कळले.

डिसेंबरात तोच खांब दिवेआगरच्या किनाऱ्यावर नेला आणि माझे मत बदलले. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला साधारण 5 सीमेन्स, तर सामान्य जमिनीची 0.005 च्या आसपास असते. या हजारपट फरकामुळे उभ्या अँटेनाचा क्षितिजालगतचा किरण, जो दूरच्या संपर्काला लागतो, जमिनीत न जिरता पाण्यावरून निघून जातो. त्या संध्याकाळी तेवढ्याच शक्तीवर युरोपातील स्थानके आमचा एफटी8 (संगणकाने पाठवायचा डिजिटल प्रकार) संदेश गच्चीपेक्षा आठ-दहा डेसिबलने अधिक चांगला ऐकू येतो असे कळवत होती. लाभ पाण्याचा आहे, वाळूचा नाही. भरतीची रेषा सोडून खांब शंभर-दीडशे पावले मागे नेला, तेव्हा तो बराचसा ओसरला.

तिथेच एका वयस्क कोळीदादांनी बराच वेळ निरखून, “अहो, काठी एवढी लांब, पण गळ कुठाय?” असे विचारले आणि मग पायाने वाळूत रेघ ओढून रात्री पाणी कुठवर येईल तेही दाखवले. आमचे रेडियल त्या रेघेच्या चांगले अलीकडे, पाण्याच्या बाजूला होते. लक्षद्वीपात भरती-ओहोटीचा फरक कोकणापेक्षा पुष्कळ कमी असतो, तरी खांबाची जागा ठरवण्याआधी स्थानिक माणसाला विचारायचे, हे आमच्या वहीत तेव्हापासून पहिल्या पानावर आहे.

खांबाचे दोषही सांगितले पाहिजेत. नळ्या केवळ घर्षणाने अडकतात, त्यामुळे जोराचा वारा सुटला की मध्यरात्री खांब आपोआप मिटतो. प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी आणि खालच्या चार सांध्यांवर होज क्लिप लावल्यापासून हा त्रास थांबला. वरच्या तीन नळ्या इतक्या बारीक आहेत की 40 मीटर बँडची दहा मीटर तार शेंड्यापर्यंत नेली की त्या धनुष्यासारख्या वाकतात. म्हणून आम्ही तार सात मीटरपर्यंत उभी नेतो आणि उरलेली दोरीने बांधून तिरकी ओढतो. विक्रेत्याने दिलेल्या जोडपेटीतील (तार आणि केबल जोडायच्या डबीतील) स्क्रू तर खाऱ्या हवेत पंधरवड्यात गंजले. ते बदलून स्टेनलेस स्टीलचे लावले.

कुठल्या वेळी कुठला प्रदेश मिळेल याचे वेळापत्रक आखायला व्होअकॅप हा रेडिओलहरींच्या प्रसाराचा अंदाज देणारा संगणक कार्यक्रम वापरतो. त्याचे अंदाज महिन्याच्या सरासरी स्थितीचे असतात, एखाद्या ठरावीक दिवसाचे नव्हेत. पण जपान आणि युरोप सहज मिळतील, ध्रुवाजवळून जाणारा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा मार्ग मात्र दिवसातून अगदी थोडा वेळ उघडेल, एवढे त्याने स्पष्ट केले. त्या वेळात इतर कोणाला उत्तर द्यायचे नाही, असे चौघांत ठरले आहे. बेटावर इंटरनेटचा भरवसा नसल्याने संगणकाचे घड्याळ जीपीएसवरून लावतो, कारण एफटी8 चे पंधरा सेकंदांचे टप्पे एक-दोन सेकंद चुकले तरी संपर्क होत नाही.

सर्वांत महागडी चूक बॅटरीची झाली. 20 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे 256 वॅट-तासांची भरते, आणि प्रवासी विमानात विमान कंपनीच्या परवानगीनेही 160 च्या वर नेता येत नाही. ती घरी ठेवायला मी तयार नाही, कारण वीज गेली तरी स्थानक चालले पाहिजे : 2004 च्या डिसेंबरात हौशी रेडिओचालक भारती प्रसाद यांची अंदमान मोहीम चालू असतानाच त्सुनामी आली आणि त्यांचे स्थानक मदतकार्याचा दुवा ठरले. म्हणून दोघे विमानाने आगत्तीला आणि दोघे बॅटरी घेऊन कोचीहून जहाजाने, असा बेत आहे. अर्थात जहाजाचे नियमही आधी लेखी विचारून. प्रवेश परवाना आणि प्रक्षेपणाची परवानगी हाती येईपर्यंत तिकिटे काढणार नाही. दुसरा खांब मात्र मागवला आहे, आणि त्याच्या वरच्या तीन नळ्या पुण्यातच राहतील.