‘पाचाची गॅरंटी’ आणि आमचे सोळाशे पन्नास डॉलर

गणिताच्या ट्यूटरने मुलीला चुकीचं शिकवलं असतं तर मला तिसऱ्या दिवशी कळलं असतं. वही उघडून बघितली असती, झालं. इटालियनचा ट्यूटर तीन महिने काय शिकवतोय हे बघायला आमच्या घरात डोळेच नव्हते. मी आणि नवरा दोघंही या भाषेत ठार अडाणी. त्याने पहिल्या फोनवर विचारलं होतं, “घरात कुणाला इटालियन येतं का, मॅम?” मला वाटलं, आपुलकीने विचारतोय.

न्यू जर्सीत इटालियन वंशाची वस्ती मोठी आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच शाळांत ही भाषा शिकवतात. आमच्या लेकीने सहावीत ती घेतली. “स्पॅनिश सोडून हे काय?” असं दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी विचारून झालं, पण तिला भाषा आवडली आणि ती टिकली. अकरावीत एपी इटालियनची, म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची, परीक्षा द्यायची ठरली. शाळेत मुलं पुरेशी नसल्यामुळे एपीचा वर्ग निघाला नाही. परीक्षा मात्र आम्ही घेऊ, तयारी तुमची तुम्ही करा, असं शाळेने सांगितलं.

या विषयाला मुलं मुळातच कमी. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने तो 2005-06 मध्ये सुरू केला आणि मुलं कमी म्हणून 2009 च्या परीक्षेनंतर बंदही केला. पुढे इटलीच्या सरकारने आणि इथल्या इटालियन-अमेरिकन संस्थांनी पैसा उभा केला, तेव्हा 2011-12 पासून तो परत आला. मुलं कमी म्हणून शिकवणारेही कमी, आणि त्या माणसाचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. “मॅम, एपी इटालियन शिकवणारे हातावर मोजण्याइतके आहेत. माझ्याकडे दोनच जागा उरल्यात.” ही थाप आहे हे तेव्हा कसं कळणार? आम्ही दोन आठवडे शोधून एकही ट्यूटर सापडला नव्हता.

त्याचा नंबर आला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. ज्या ताईंनी टाकला त्यांचा मुलगा स्पॅनिश शिकतो. त्यांनी कुठून तरी आलेला मेसेज नुसता पुढे ढकलला होता, हे मी नंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं. सोबत एका प्रमाणपत्राचा फोटो होता, इटलीतल्या सिएनाच्या ‘परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठा’चं नाव, शिक्का, ‘चिल्स’ परीक्षा, सी-वन म्हणजे बरीच वरची पातळी. आम्ही भारावलो. लेकीच्या शाळेतल्या बाई, मुलं त्यांना सिन्योरा म्हणतात, त्यांनी नंतर सांगितलं की चिल्स ही इटालियन शिकणाऱ्यांची परीक्षा आहे. परदेशी माणसांना इटालियन शिकवता येतं याचा दाखला हवा असेल तर त्याच विद्यापीठाचं ‘दिताल्स’ नावाचं वेगळं प्रमाणपत्र असतं. म्हणजे तो फोटो खरा धरला तरी माणूस चांगला विद्यार्थी होता एवढंच त्यातून निघत होतं.

तीस तासांचे 1950 डॉलर. सगळे आगाऊ आणि झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, दिले तर 1650. शिवाय ‘पाचाची गॅरंटी’: एपीत 1 ते 5 गुण असतात, पाच आले नाहीत तर पैसे परत. अटी छोट्या अक्षरांत होत्या आणि वाचताना रास्त वाटल्या. तीसही तास पूर्ण झालेले हवेत, आणि तीन सराव परीक्षा 31 मार्चच्या आत दिलेल्या हव्यात. मुलीला एकही तास बुडवू द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. तास त्याने बुडवले तर काय, हे आम्हा दोन इंजिनिअरांच्या डोक्यात आलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये सुरुवात झाली, आठवड्याला दोन तास. कॅमेरा पहिल्या दिवसापासून बंद, “नेटवर्क वीक आहे मॅम.” तो उतारे वाचून दाखवायचा, तिला प्रश्न सोडवायला लावायचा आणि स्वतः इंग्रजीत बोलायचा. या परीक्षेत संवादाचा भाग असतो, समोरून पाच वाक्यं येतात आणि प्रत्येकाला वीस सेकंदांत बोलून उत्तर द्यायचं असतं. त्याचा सराव त्याने मार्चपर्यंत एकदाही घेतला नाही. दोन मिनिटांच्या भाषणाचाही भाग आहे, त्यात आपल्या समाजाची आणि इटालियन समाजाची एखाद्या बाबतीत तुलना करायची असते. लेकीने हौसेने गणपती आणि नेपल्सचा सान जेन्नारो अशी जोडी काढली. नेपल्सच्या या संताचा सण 19 सप्टेंबरला असतो आणि 2023 ची गणेश चतुर्थीही नेमकी त्याच दिवशी होती. पोरगी खूष होती. तो म्हणाला, “परीक्षकांना हे कळणार नाही, थँक्सगिव्हिंग घे,” आणि पाठ करायला तयार भाषण पाठवून दिलं. प्रश्नात ‘तुमचा समाज’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

फेब्रुवारीपासून तास रद्द व्हायला लागले. कधी त्याची आई आजारी, कधी वीज गेलेली. त्याऐवजी तो पीडीएफ पाठवायचा, वर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का. मी त्या छापून, भोकं पाडून फाइलला लावत होते. जाडजूड फाइल बघून बरं वाटायचं.

मार्चमध्ये त्याने परीक्षेच्या नोंदणीसाठी 180 डॉलर मागितले. “लेट फी लागतेय, आजच करा.” मी झेल उघडलंही होतं. नवरा म्हणाला, एकदा शाळेला विचार. एपी परीक्षा बघणाऱ्या कोऑर्डिनेटरचं उत्तर तासाभरात आलं: परीक्षेची ऑर्डर नोव्हेंबरमध्येच गेली आहे, फी 98 डॉलर, ती शाळा घेते, शाळेखेरीज दुसरं कुणी ही नोंदणी करूच शकत नाही.

त्या रात्री लेकीला खोलीत जाऊन विचारलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसली. मग म्हणाली, “आई, त्याला येत नाही गं फारसं. तिसऱ्या तासालाच कळलं होतं मला. पण तुम्ही सगळे पैसे आधीच दिले होते ना.”

पैशांपेक्षा हे जास्त लागलं. घरात इटालियन कळणारं एक माणूस होतं आणि आम्ही तिलाच विचारलं नव्हतं. “क्लास कसा चाललाय?” हे रोज विचारायचो, पण जेवायला वाढता वाढता, आणि “चांगला” एवढं ऐकलं की पुढच्या विषयाकडे.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन सिन्योरांकडे गेलो. त्यांनी लेकीने लिहिलेली एक ईमेल काढली. परीक्षेत पंधरा मिनिटांत एका औपचारिक ईमेलला उत्तर लिहायचं असतं. ही संग्रहालयाच्या संचालकांना होती. सुरुवात ‘चाओ’ने, पुढे सगळीकडे ‘तू’. इटालियनमध्ये अनोळखी मोठ्या माणसाला ‘लेई’ म्हणतात, आपल्या ‘आपण’सारखं. म्हणजे आपल्याकडे मुख्याध्यापकांना “काय रे, कसा आहेस” असं पत्र धाडण्यातला प्रकार. खाली ‘मला वाटतं की तो आहे’ या अर्थी ‘पेन्सो के ए’ लिहिलं होतं. तिथे ‘पेन्सो के सिया’ हवं, कारण ‘वाटतं’ म्हटलं की क्रियापदाचं रूप बदलतं. पानाच्या डोक्यावर त्या माणसाचा हिरवा शेरा: ‘पेर्फेत्तो!’ सिन्योरांनी पेन्सिलीने अकरा गोल केले. मी मोजले.

मग त्यांनी त्या ‘गोपनीय’ पीडीएफमधला एक निबंध बघितला, लॅपटॉपवर कॉलेज बोर्डाचं पान उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. शब्द न् शब्द तोच. मागच्या वर्षांचे निबंधाचे, ईमेलचे आणि बोलण्याचे प्रश्न, तपासण्याचे निकष, मुलांच्या नमुना उत्तरांना दिलेले गुण, सगळं बोर्ड स्वतः फुकट देतं. लॉगिनसुद्धा लागत नाही. मी फुकटचे कागद विकत घेऊन वर स्वतःच्या शाईने छापले होते.

पैशांचं काय झालं ते सांगते, कारण सगळे हेच विचारतात. तीसपैकी पंधरा तास झाले होते. गॅरंटीची आठवण करून दिल्यावर उत्तर आलं की तीस तास पूर्ण नाहीत, म्हणून गॅरंटी लागू नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान भांडायला जागा होती, आणि झेलची सवलत तो कशासाठी देत होता हे तेव्हा उमगलं. न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, 5000 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. पण दावा लावायचा कुणावर? नाव आणि पत्ता लागतो. आमच्याकडे एक फोन नंबर आणि एक टोपणनाव. ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या साइटवर तक्रार टाकली आहे. तिने पैसे परत मिळत नाहीत हे माहीत आहे. तरी तुम्हीही फसला असाल तर टाका, एकाच नंबराच्या चार तक्रारी झाल्या तर कुणाच्या तरी नजरेत येतील.

पुन्हा ट्यूटर ठेवायची वेळ आली तर पहिला तास सुटा पैसे देऊन घेईन, कॅमेरा चालू ठेवून, आणि नंतर मुलीलाच विचारेन: तो इटालियनमध्ये किती मिनिटं बोलला? बाकी प्रमाणपत्रं-बिमाणपत्रं त्यानंतर.

उरलेले सहा आठवडे सिन्योरांनी शाळा सुटल्यावर मंगळवारी-गुरुवारी तिला बसवलं. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. शेवटी चकल्यांचा डबा घेतला. भाषणासाठी गणपती आणि सान जेन्नारो परत आले. जुलैत निकाल लागला, चार.

सिन्योरांनी पहिल्या दिवशी दिलेला गृहपाठ मात्र सांगायलाच हवा: त्या माणसाला पैसे परत मागणारी औपचारिक ईमेल लिही. लेकीने लिहिली. सुरुवातीला ‘जेंतीले प्रोफेस्सोरे’, सगळीकडे ‘लेई’, परीक्षेत लागतात तसे अधिक माहिती विचारणारे दोन प्रश्न, शेवटी ‘दिस्तिंती सालूती’. सिन्योरांनी एकच गोल केला आणि आम्ही ती त्याच नंबरवर पाठवून दिली. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं. त्याला ती वाचता आली का, हा लेकीचा प्रश्न आहे.