९८ डीबीचे स्पीकर, मोठा आवाज: तीनशे वॅटचा पॉवर अ‍ॅम्प की चाळीस वॅटचा ट्यूब?

हॉर्नवाले, ९६-९८ डीबीचे (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर एवढा आवाज देणारे) स्पीकर घरी आले की पुढचा प्रश्न ठरलेला: याला जोडायचं काय? ठाण्यात आणि वाशीत ज्या घरांत असे स्पीकर ऐकले, तिथे मला दोनच उत्तरं भेटली. एक म्हणजे साउंडवाल्यांकडे असतो तसला, चॅनेलमागे तीनशे वॅटचा, पंखा लावलेला ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प. दुसरं म्हणजे ईएल-३४ जातीच्या चार काचेच्या ट्यूबवाला (जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारख्या, जोडीजोडीने काम करणाऱ्या, म्हणजे पुश-पुल), चाळीसेक वॅटचा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये दोन्ही नांदून झाले, स्पीकर तेच. रविवारी सकाळी कान भरून ऐकायचंय, पण त्यापायी सोमवारी लॅमिंग्टन रोडला स्पीकरची जळालेली कॉइल बदलायला जायचं नाही, अशांच्या कामी हे येईल.

आधी हिशोब उरकून घेऊ. दोन स्पीकर, सोफा तीन मीटरवर आणि भिंतींची थोडी मदत धरली, तर बसल्या जागी एका वॅटला साधारण ९५ डीबी पडतात. चाळीस वॅट त्यात १६ची भर घालतात, तीनशे वॅट २५ची. म्हणजे गाण्यातले सर्वांत मोठे ठोके एकीकडे १११पर्यंत, दुसरीकडे १२०पर्यंत जातात. वॅट साडेसात पट, कानाला मात्र फरक दुपटीच्याही थोडा आतला. गाण्याची सरासरी या टोकांच्या दहा-पंधरा डीबी खाली असते, म्हणजे चाळीस वॅटवरही तुम्ही सरासरी ९६च्या पुढे सहज बसता. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेचा कानांसाठीचा दंडक ८५ डीबीला आठ तास आणि पुढे दर तीन डीबीला वेळ निम्मा असा आहे. ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. त्यामुळे चाळीस वॅट कमी पडतील ही भीती मी तरी मनातून काढून टाकली.

तरीही तीनशेवाल्यांचं म्हणणं पोकळ नाही. लहान अ‍ॅम्प ताणला की आवाज फाटतो, तरंगांचे माथे कापले जातात आणि ट्वीटरकडे (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरकडे) जाणारी सरासरी शक्ती वाढते. त्याची कॉइल बिचारी नाजूक, ती जळते. वूफर (बेसचा मोठा स्पीकर) ठणठणीत आणि ट्वीटर गेलेला, अशा बहुतेक केसेसमध्ये आधी अ‍ॅम्प ताणलेला होता का ते विचारावं. तीनशे वॅटला ती वेळच येत नाही. वर अशा अनेक अ‍ॅम्पना लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा) आणि खालचा बेस कापायचा स्विच असतो, घरगुती अ‍ॅम्पमध्ये तो क्वचितच मिळतो. ८ ओहम लिहिलेले स्पीकर काही सुरांना ४ ओहमच्या आसपास उतरतात, तिथे ट्रान्झिस्टरची पकड सुटत नाही. ढोल-ताशाचं चांगलं रेकॉर्डिंग लावून बघा. ताशावर काड्या पडतात तो कडकपणा माझ्या कानाला आजही त्याच अ‍ॅम्पवर जास्त खरा वाटतो. आणि वॅटमागे किंमत पाहिली तर ट्यूबवाल्याने तोंडच उघडू नये.

पण तीनशेला थांबा नाही. ९८ डीबीचा स्पीकर म्हणजे कार्यक्षमतेत वरच्या वर्गातला, तरी दिलेल्या विजेतले साधारण चार टक्केच आवाज होतात. उरलेली सगळी उष्णता कॉइलला सोसावी लागते. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) डब्यात आणखी एक भानगड असते. पोर्ट ज्या सुराला जुळवलाय त्याच्याखाली डब्यातली हवा कोन (वूफरचा हलणारा पडदा) धरून ठेवत नाही. हल्लीच्या गाण्यातला एखादा खोल सिंथ आला की कोन मोकाट पुढेमागे धावतो आणि टक-टक ऐकू येते. ती ऐकली की आवाज लगेच खाली, तिथे हुशारी नको. म्हणूनच तो बेस कापायचा स्विच असेल तर ३० हर्ट्झला लावून विसरून जा. याशिवाय अ‍ॅम्प चालू असताना कुणी सिग्नलची आरसीए केबल उपटली, किंवा पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली, तर जो धप्प होतो तो तीनशे वॅटच्या ऐपतीचा असतो. पॉवर अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

आता ज्याने माझ्यापुरता निकाल ट्यूबच्या बाजूने लावला ते.

मोठ्याने ऐकणं म्हणजे आठवड्यातले दोन-तीन तास. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डीबी दिलेत, आणि स्लॅबमधून बेस किती लांब जातो हे टॉवरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे बाकी सगळं ऐकणं रात्रीचं आणि हळू. मोठा अ‍ॅम्प नेमका तिथे नकोसा होतो. डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारा डबा) दोन व्होल्ट देतो, अ‍ॅम्प त्याचे पंचवीस-तीस पट करतो, आणि स्पीकरला पुरेसं वाजायला तीन व्होल्टसुद्धा लागत नाहीत. परिणाम असा की आवाज कमी-जास्त करायच्या प्रीअ‍ॅम्पचा नॉब घड्याळाच्या सातवर शांत, आठवर रात्रीला पुरेसा आणि नऊवर शेजारी दारात. गॅसचा बिघडलेला नॉब असतो ना, एकतर सिम नाहीतर फुल, तसं. त्या पहिल्या चिमूटभर फिरकीत नॉबचे डावे-उजवे भागही नीट जुळत नाहीत. विलंबित ख्याल लावला की गायिका मधोमध बसायच्या ऐवजी डावीकडे सरकते. केसभर वाढवलं की मधे येते, पण तेवढा आवाज रात्री अकराला चालत नाही.

आणि हिस. आमची खिडकी येऊरच्या बाजूला, रात्री बऱ्यापैकी शांतता. आलापीच्या सुरुवातीला नुसता तानपुरा असतो तेव्हा हॉर्नमधून सतत सssस येत राहतो, मागून पंख्याची घरघर. ८६ डीबीच्या स्पीकरवर हाच अ‍ॅम्प गप्प वाटला असता. इथे बारा डीबी जास्त, तर त्याची कुजबुजही तेवढीच जास्त. प्री आणि पॉवरच्या मध्ये सिग्नल दहा डीबीने कमी करणारे छोटे अ‍ॅटेन्युएटर लावून पाहिले. नॉब सुधारला, खरंच सुधारला, गायिका मधे आली. पण पॉवर अ‍ॅम्पची स्वतःची हिस त्याच्या पोटातली, ती अ‍ॅटेन्युएटरने कशी जाणार? एकदा तिकडे लक्ष गेलं की दुसरं काही ऐकू येईना.

ट्यूब निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. चार ईएल-३४च्या नुसत्या हीटरनाच ३८ वॅट लागतात, बाकीची उष्णता वेगळी. मे महिन्यात एसी आणि अ‍ॅम्प एकमेकांशी भांडत बसतात. ट्यूब झिजतात, ट्यूबचा करंट ठरवणारा बायस अधूनमधून बघावा लागतो, स्पीकरची वायर न जोडता तो चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा. हॉर्नला कान टेकवला तर बारीकशी गुणगुण माझ्याही नगात आहे. सोफ्यावर ती पोचत नाही, मला तेवढं पुरतं. बेस थोडा गुबगुबीत होतो, काहींना तो आवडतोही.

मोठ्या आवाजात त्याचा एक गुण मात्र मला फार उपयोगाचा वाटला. तो हद्दीला आला की एकदम फाटत नाही. आधी आवाज दाटतो, कोरसमधले गळे एकमेकांत मिसळायला लागतात. तिथे हात नॉबकडे जातो. गणपतीत भाच्याने मोबाइल जोडून नॉब पार फिरवला, तरी चाळीस वॅटच्या वर त्याच्याकडे द्यायला काही नाही. अर्थात तसंच तासभर ताणलं तर ट्वीटर याच्यावरही जाईल. क्लिप्शहॉर्न हा गाजलेला हॉर्नवाला स्पीकर १९४६चा, घरातले अ‍ॅम्प मोजक्या वॅटचे असायचे त्या काळातला. तेव्हा ही जोडी काही अलीकडची फॅशन नाही.

हॉल मोठा असेल, खारघरला रो-हाउस असेल, बैठक सहा मीटरवर असेल किंवा गच्चीवर पार्टी हाच मुख्य बेत असेल, तर तीनशे वॅट घ्या, मी अडवणार नाही. फक्त पंखा नसलेला आणि गेन (सिग्नल किती पट करायचा ते) कमी करायचा स्विच असलेला बघा, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानात काहीही न वाजवता आपल्याइतक्याच डीबीच्या स्पीकरच्या हॉर्नला कान लावा. त्यासाठी दुकानातला एसी दोन मिनिटं बंद करायला सांगावा लागतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण करतो.