बूस्ट पंप, आठ महिन्यांनंतर: खरी परीक्षा स्विच बंद करताना होते

विमान खालच्या पंखाचं, इंजिन कार्ब्युरेटरवालं लायकोमिंग ओ-३२०, आणि टाकीकडच्या इंधनाच्या लाइनवर टक-टक वाजणारा छोटा इलेक्ट्रिक बूस्ट पंप, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या पंपाला मदत करणारा जादा पंप. आठ महिन्यांच्या वापरानंतर मत पक्कं झालं आहे: पंप उत्तम आहे, पण तो नुसता चालू ठेवून भागत नाही.

टाकी पंखात, म्हणजे इंजिनाच्या खाली असल्यामुळे इंजिनाच्या पंपाला इंधन ओढून घ्यावं लागतं. ओढताना लाइनमधला दाब उतरतो आणि काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) तापलेलं इंधन तिथेच उकळून बुडबुडे धरतं. इंजिनाचा डायफ्रॅम (लवचीक पडद्याचा) पंप मग बुडबुडेच दाबत बसतो, इंधन पुढे सरकत नाही. बूस्ट पंप मागून ढकलतो, त्यामुळे दाब टिकतो. शिवाय इंजिनाचा पंप बंद पडला तरी त्याच्या व्हॉल्व्हमधून इंधन पुढे जात राहतं. वरच्या पंखाच्या कार्ब्युरेटरवाल्या विमानांत हे काम बहुधा गुरुत्वाकर्षणच करतं.

स्टार्टआधी पंप लावला की टकटक आधी घाईची असते. लाइन आणि कार्ब्युरेटरची वाटी भरली की ती मंदावते. इंधनाच्या दाबाचा काटा ०.५ ते ८ पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) हिरव्या पट्ट्यात आला पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर बूस्ट पंप बंद करून काटा पुन्हा बघा, कारण आता दिसतो तो फक्त इंजिनाच्या पंपाचा दाब. ही पायरी बरेच जण गाळतात. पंप सतत चालू असेल तर इंजिनाचा पंप मेलेला असूनही काटा हिरव्यातच राहील आणि कोणाला पत्ता लागणार नाही.

टेक-ऑफ, लँडिंग आणि टाकी बदलताना पंप चालू. टेक-ऑफनंतर साधारण १,००० फुटांवर तो बंद करताना नजर काट्यावर हवी. काटा कोसळला तर पंप लगेच परत लावा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. पुढचा प्रवास त्या एका पंपावर करू नका.

आवाजही बरंच सांगतो. टकटक मंदावतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा एखाद्या सैल जोडातून हवा शिरते आहे. दाब हळूहळू उतरत गेला तर आधी पंपाच्या बुडातली जाळी आणि गॅस्कोलेटर (पाणी-कचरा अडवणारा इंधनाचा गाळा) बघा. तेही साफ असेल तर पंपाच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. गंजलेली अर्थिंगची जोडणी पंपाला अर्धमेला करते. पंप लावताच कार्ब्युरेटरमधून इंधन ठिबकू लागलं तर फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगत्या भागाच्या) इंधन अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकलेला असू शकतो. अशा वेळी स्टार्टर दाबायचाच नाही, आगीचा धोका असतो. इंजिनाच्या पंपाच्या ड्रेन नळीतून इंधनाचा वास आला तर डायफ्रॅम फाटल्याचा संशय घ्या.

मोटारीचं पेट्रोल मंजूर असलेल्या विमानात ते एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) लवकर वाफ धरतं, हे लक्षात असू द्या. गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करताना हा फरक हमखास जाणवतो.

कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असलेल्या काँटिनेंटल कंपनीच्या इंजिनांना मात्र हा क्रम लावू नका. इंजिनाचा पंप ठीक असताना बूस्ट ‘हाय’वर टाकला तर इंधन-हवेचं मिश्रण इतकं दाट होऊ शकतं की इंजिन गुदमरून बंद पडतं. तिथे त्या विमानाचं हँडबुक सांगेल तेच करायचं.